हिरडीटोल्याची शांती

अजमान
शनिवार, १८ जानेवारी २०२५

सुचित्रा,

'प्रभूमध्ये सलाम' लिहून पत्र सुरू करायची आपल्या घरची रीत. आज ती मोडतो. तू सलाम परत केला नाहीस तर पहिल्याच ओळीत फजिती नको. तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला नऊ वर्षं झाली, म्हणून हा कागद. ऑफिसातला एक जण सुट्टीवर नागपूरला निघालाय, तो तिथल्या पोस्टात टाकेल. पत्ता तुझ्या चंद्रपूरच्या नर्सिंग कॉलेजचा घातलाय. सख्ख्या बहिणीच्या घरचा पत्ता मला माहीत नाही, आणि विचारावा असं माणूसही माझ्याकडे नाही.

काम असं. आपल्या हिरडीटोल्याच्या मेनोनाइट ख्रिस्ती मंडळीला यंदा शंभर वर्षं होतात. ईस्टरला सोहळा आहे आणि त्या दिवशी मंडळीच्या इतिहासाचं पुस्तक निघणार आहे. ते मी लिहायचं ठरलंय. नवा पाळक तन्मय फोनवर म्हणाला, "दादा, तुम्ही नाताळ अंकात फार मस्त लिहिता. फक्त हे जरा सिरियस हवं, कोणाला लागेल असं नको." म्हणजे मी लिहायचं, पण मी लिहिल्यासारखं वाटू द्यायचं नाही.

कोणासाठी लिहायचं हाही प्रश्नच आहे. गोंदिया जिल्ह्याच्या टोकाला जंगलाच्या कडेची बेचाळीस घरं, जगाला त्यांचा पत्ता नाही. इथे जबल अलीच्या चर्च कंपाउंडमध्ये शेजारच्या हॉलातल्या मल्याळी भावाला मी म्हणालो, मैं मेनोनाइट हूँ. त्याने काळजीने विचारलं, "कब से?"

तरी लिहितोय. कॅन्ससहून रायमर साहेब आणि मडम आले, क्विनाइनची पेटी घेऊन. अकरा माणसांनी बाप्तिस्मा घेतला, तोही मोठ्या वयात, कारण आपल्यात कोणी जन्माने सभासद होत नाही, स्वतःच्या तोंडाने 'होय' म्हणावं लागतं. बंदूक धरायची नाही, शपथ घ्यायची नाही, भावावर खटला भरायचा नाही. आणि मग तयारीची सभा. त्या पानावर मी असं लिहिलंय:

'वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या आधीच्या शनिवारी, मंडळीचा पट वाचला जातो. नाव पुकारलं की सभासदाने उभं राहून म्हणायचं: देवाशी आणि माणसांशी माझी शांती आहे. एकाने जरी शांती नाही म्हटलं, तरी प्रभुभोजन थांबतं. १९६८ साली दोघा भावांचं शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून भांडण होतं, तेव्हा अकरा महिने या मंडळीत भाकर मोडली गेली नाही. अखेर पंचांनी नाही, त्या दोघांच्या बायकांनी धुरा मोजला.'

शेवटचं वाक्य तन्मय काढणार.

आता मुद्द्यावर येतो. २००१ सालासाठी मी एकच ओळ योजली आहे: 'या वर्षी मंडळीत काही मतभेद झाले व ते प्रार्थनेने मिटले.' तुझं नाव घातलेलं नाही, उपेंद्रचंही नाही. तुझ्याच सोयीसाठी. तुझी हरकत नसेल तर तसं दोन ओळींत कळव.

आईच्या मातीला तू आली नाहीस, याबद्दल मी आता काही बोलत नाही. बोललो बघ.

हेमचंद्र


अजमान
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

सुचित्रा,

उत्तर नाही. ठीक आहे. माझं काम तुला माहीत नसेल, म्हणून सांगतो. जबल अलीत कंटेनर उतरतो, त्याच्या कागदावर मी सही करतो. सील शाबूत असेल तर 'बाहेरून सुस्थितीत' असा शेरा मारायचा, आत काय फुटलंय ते आमच्याकडे नाही. तेवीस वर्षं हेच करतोय. तेव्हा न आलेल्या उत्तरालाही मी 'बाहेरून सुस्थितीत' म्हणू शकतो.

आजोबांचं प्रकरण लिहून झालं. तुला पाठ आहे, तरी सांगतो, कारण सगळ्या पुस्तकात तेवढंच खरं उतरलंय. भंडाऱ्याच्या कोर्टात बैलाच्या मालकीचा दावा, योहान आजोबा साक्षीला. शपथ घ्या म्हटलं तर म्हणाले, "साहेब, आमी शपथ घेत नाई. मी होय मनलं का होय." न्यायाधीश म्हणाले, बरं, प्रतिज्ञेवर सांगा. आजोबांनी बैल विरुद्ध बाजूचा आहे असं सांगितलं, आणि विरुद्ध बाजूने आदल्याच वर्षी आपल्या विहिरीत मेलेलं कुत्रं टाकलेलं! तेव्हापासून त्या सगळ्या भागात म्हण झाली की हिरडीटोल्याच्या ख्रिस्ती माणसाच्या 'होय'ला साक्षीदार लागत नाही.

दोन बातम्या आहेत.

पहिली अशी की ईस्टरच्या दिवशी उपेंद्रवर हात ठेवले जाणार. तो मंडळीचा वडील, म्हणजे एल्डर होतोय, बाबांच्या जागी. बाबा त्र्याऐंशीचे झाले, डोळे गेले, पण पट त्यांना अजून पाठ आहे. तू म्हणशील, उपेंद्र? मी काय म्हणू. आई गेल्यापासून बाबांच्या जेवणाचा डबा त्याच्या घरून येतो. दोन्ही वेळ, नऊ वर्षं. मी इथून काय पाठवतो? व्हॉइस नोट.

तेही सांगतो. परगावच्या सभासदाने तयारीच्या सभेसाठी आपलं उत्तर आधी पाठवायचं असतं. आधी मी पोस्टकार्ड पाठवायचो, मग फोन करायला लागलो. व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल इथे लागत नाही, पण व्हॉइस नोट जाते. पाळक ती माइकसमोर धरतो. मी कंपनीच्या बसमधूनच बोलून टाकतो, चार सेकंद लागतात. हिशेब केला तर शेहेचाळीस वेळा मी त्या मंडळीला शांती आहे असं कळवलंय.

दुसरी बातमी म्हणजे उर्मिलाचा मेसेज. उपेंद्रची दुसरी बायको, तुझ्यानंतरची. मी तिला लग्नाच्या फोटोत पाहिलंय तेवढीच. लिहिते: 'भाऊ, माझा उजवा हात मनगटात मोडला. न्हाणीत घसरले असं सगळ्यांना सांगितलंय. सुचित्राताईंशी मी चोरून बोलते. त्या म्हणतात, तुम्ही त्या दिवशी तिथे होता. खरं आहे का? तो वडील झाला तर गाऱ्हाणं घेऊन मी कोणाकडे जाऊ? त्याच्याचकडे? पटावरच्या एका माणसाने शांती नाही म्हटलं तर सगळं थांबतं. मी म्हटलं तर त्या रात्री घरी माझं काय होईल ते मला माहीत आहे. तुम्ही लांब आहात.'

मी तिला उत्तर दिलं नाही. सुचित्रा, तू तिला हे का सांगितलंस? मी तिथे नव्हतो, हे मंडळीच्या वहीत लिहिलेलं आहे.

हेमचंद्र


अजमान
शनिवार, १५ मार्च २०२५

सुचित्रा,

तुझं पाकीट कंपनीच्या पोस्टबॉक्सवर आलं. रमजानच्या वेळा आहेत, ऑफिस दोनलाच सुटतं, म्हणून मी सगळ्यांच्या आधी बसमध्ये जाऊन बसलो आणि तिथे उघडलं. चोवीस वर्षांनी तुझं अक्षर, आणि ओळी तीन:

'आईचा डबा तू भिंतीवर ठेवून गेलास. तो माझ्याकडे आहे. मतभेद कोणाचे, दादा?'

बस भरली. ड्रायव्हर चला, चला म्हणून ओरडत होता, यल्ला, यल्ला. मी उतरायचा थांबा सोडून पुढे गेलो.

आता सांगतो. तुला माहीत असलेलंच सांगतोय, पण माझ्या तोंडून ते कोणीच ऐकलेलं नाही. मीसुद्धा नाही.

तेवीस ऑक्टोबर, मंगळवार, दुपार. तुला पाचवा महिना होता. आईने सांभारवड्या केल्या होत्या आणि डबा माझ्या हाती दिला होता, झाकणावर तिचं नाव ठोकलेलं. मी सांदवाडीकडून, मागच्या परसातून आलो, कारण तुझं मागचं दार नेहमी उघडं असायचं. ते उघडंच होतं. उपेंद्रच्या हातात लोखंडी फुंकणी होती. मी तिथे असताना ती दोनदा खाली आली. पहिल्यांदा तुझ्या डाव्या कानावर. दुसऱ्यांदा तू पोट झाकलंस आणि खाली बसलीस. तू ओरडली नाहीस. तेच मला सोयीचं झालं. ओरडली असतीस तर मला धावावं लागलं असतं.

मी डबा भिंतीवर ठेवला. हळूच ठेवला, आवाज होऊ नये म्हणून. आणि आल्या वाटेने परत गेलो. वाटेत एकाने रामराम घातला, मी थांबून त्याच्या गाईची चौकशी केली.

तुझा कान गेला. पोटातलं मूल तिसऱ्या दिवशी गेलं. तू पोलिसात गेलीस, तेव्हा मंडळी भरली. तू उभी राहून म्हणालीस, दादा होता, डबा ठेवून गेला. बाबांनी मला विचारलं, मंडळीच्या वडिलांच्या खुर्चीतून: "हेमा, तू पायलास का?"

मी म्हणालो, "नाई."

आईला विचारलं. आई म्हणाली, तो डबा मागच्या आठवड्यातला. मला वाचवायला म्हणाली की बाबांना, ते तिनं कधी सांगितलं नाही. आणि मागच्या आठवड्यात आईने घरात सांभारवड्या केल्याच नव्हत्या, हे त्या सभेत सगळ्यांत जास्त कोणाला माहीत होतं? बाबांना. ते डबा उघडून मोजून खायचे.

मग ठराव झाला. अक्षर चांगलं म्हणून चिटणीस मी. 'भगिनी सुचित्रा यांनी मंडळीतील भावाविरुद्ध जगाच्या न्यायालयात जाऊन मंडळीच्या शांतीचा भंग केला, सबब पटावरून त्यांचं नाव कमी करण्यात येत आहे.' कमी करण्यात येत आहे. कोणी केलं ते त्या वाक्यात कुठेच नाही. अशी वाक्यं लिहायला मी तेव्हाच शिकलो, पुढे गल्फमध्ये त्यावरच नोकरी टिकली.

कोर्टाचं समन्स आलं तेव्हा मी सरकारी वकिलांना म्हणालो, आम्ही शपथ घेत नाही, श्रद्धेचा प्रश्न आहे. ते म्हणाले, "मग प्रतिज्ञेवर सांगा, कायद्यात सोय आहे. तुमच्या आजोबांनी तेच केलं होतं ना?" सोय आहे म्हटल्यावर मला पळण्यावाचून मार्ग उरला नाही. सगळ्यांना सांगितलं की शारजाचा व्हिसा देवाने वेळेवर पाठवला. देवाने नाही, उपेंद्रच्या मामाने पाठवला. तारखेच्या आठ दिवस आधी मी विमानात होतो. खटला साक्षीदाराअभावी संपला.

आईच्या मातीला तू का आली नाहीस, असं मी विचारत होतो. सगळ्यांसमोर, फोनवर, मोठ्या आवाजात.

ती २००१ची ओळ मी खोडली आहे. तिथे काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.

हेमचंद्र


अजमान
शनिवार, ५ एप्रिल २०२५

सुचित्रा,

तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि तिला वाटत होतं, बहिणीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून आमचं फाटलंय. तसं मीच सांगितलं होतं. ती बराच वेळ गॅस पुसत राहिली. मग म्हणाली, "आणि बाबांच्या जेवणाचं काय? तू शांती नाही म्हणणार, उपेंद्र डबा बंद करणार. मग रोज अजमानहून भात पाठवशील?"

म्हटलं, "डबा उर्मिला करते."

"मोडक्या हाताने," ती म्हणाली.

अस्मी तिथेच होती, मोबाइलमध्ये डोकं. आमची एकोणीस वर्षांची लेक, इथेच वाढली, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत येतं. तिने मान वर केली. "हाऊ ओल्ड वेअर यू?"

"अठ्ठावीस."

"ओह," म्हणाली. "आय थॉट यू वेअर अ किड." आणि उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. जेवताना मीठ लागलं तर आईला सांगते, बाबांना सांग.

मी उर्मिलाला उत्तर पाठवलं: होय, मी तिथे होतो. तिने लगेच मेसेज पुसून टाकायला सांगितला. मग विचारलं, "पुढच्या शनिवारच्या सभेत नक्की?" म्हटलं, नक्की.

आज खाली पार्किंगमध्ये गाडीत बसलो, काचा लावल्या, एसी बंद केला आणि व्हॉइस नोट केली. चौथ्या वेळी जमली. अशी आहे:

'मी हेमचंद्र, पट क्रमांक एकशे सात. माझी शांती नाही. २००१ साली सुचित्राला उपेंद्रने मारलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि या मंडळीत खोटं बोललो. सुचित्राचं नाव माझ्या खोट्यावर कमी झालं. हे मिटेपर्यंत प्रभुभोजन होऊ नये आणि उपेंद्रवर हात ठेवले जाऊ नयेत.'

एकोणीस सेकंद. उर्मिलाचं नाव मुद्दाम घेतलं नाही. तन्मयला पाठवली. दोन निळ्या खुणा आल्या. थोड्या वेळाने त्याने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

१९६८ साली अकरा महिने थांबलं होतं. मला वाटतं, यंदा थांबेल.

हेमचंद्र


अजमान
बुधवार, १६ एप्रिल २०२५

सुचित्रा,

थांबलं नाही.

शनिवारी, गुड फ्रायडेच्या प्रभुभोजनाआधीच्या सभेत काय झालं ते मला उर्मिलाने कळवलं. पट वाचला. एकशे सात आला. तन्मयने मोबाइल माइकला लावला आणि माझा आवाज आला: देवाशी आणि माणसांशी माझी शांती आहे. सगळे म्हणाले, आमेन. उर्मिलाने मला विचारलं, "भाऊ, तुम्ही बदललात? मागून कोणीतरी यल्ला, यल्ला म्हणत होतं."

बसचा ड्रायव्हर. ती नोव्हेंबरची नोट होती, सुचित्रा. गेल्या प्रभुभोजनाची. त्यांनी माझीच जुनी शांती काढून वाजवली.

दोन नावं झाल्यावर उर्मिलाचं नाव आलं. तिने उठून सांगितलं, शांती आहे. दुसरं काय सांगणार होती? मी तिला एकटीलाच टाकलेलं होतं, माझ्याच आवाजात.

तन्मयला बोटिमवर, इथे चालणाऱ्या कॉलिंग अ‍ॅपवर फोन लावला. म्हटलं, "माझी नोट कुठे आहे?"

"दादा, ऐकली ना मी. खरंच हललो. पण तुम्हीच सांगा, शंभर वर्षांत एकदा येणारा दिवस. बिशप येत आहेत, मंडप बुक आहे, चारशे पानं वाढायची आहेत. हे आपण नंतर प्रायव्हेटली बसून मिटवू. इन्शाल्ला. म्हणतात ना तुमच्याकडे?"

"तू खोटी नोट लावलीस."

"खोटी कशी? आवाज तुमचाच आहे, दादा."

मी इतकी वर्षं लोकांच्या टोप्या उडवल्या. या पोराने एका वाक्यात माझी उडवली, आणि त्याला ते कळलंही नाही.

मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळं लिहिलं. चार मिनिटं राहिलं, मग मला ग्रुपमधून काढलं. बाबांना फोन केला. ते खूश होते. "तुजा आवाज आयकला हेमा. बरा आला."

म्हटलं, "बाबा, मी पाहिलं होतं. त्या दिवशी. सुचित्राला."

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. मग ते म्हणाले, "मले मालूम हाये." आणि पुढे, "डबा आला. ठेवतो."

शुक्रवारची फ्लाइट घेतली आहे. रजा पाच दिवसांची मिळाली. मॅनेजर म्हणाला, "फॅमिली इमर्जन्सी, हबीबी?" म्हटलं, होय. विमानतळावर सोडायला अस्मी येते म्हणाली. हे तिने मला सरळ सांगितलं, आईमार्फत नाही.

हेमचंद्र


गोंदिया स्टेशन
मंगळवार, २२ एप्रिल २०२५

सुचित्रा,

हे पत्र तुझ्या हातात देणारी बाई उर्मिला आहे. तिने कधी तुला फोटो पाठवलेला नाही, म्हणून चिठ्ठी मागितली. म्हणाली, नाहीतर ताईंना वाटेल, त्यानेच कोणाला तरी पाठवलं. गाडीला वीस मिनिटं आहेत. भरभर लिहितो.

रविवारी बिशपांनी विचारलं, या भावावर हात ठेवायला कोणाची हरकत आहे का? विचारायची रीत आहे म्हणून विचारलं. मी उठलो. सगळं सांगितलं: फुंकणी, डबा, 'नाई', व्हिसा. मंडपात एक मूल रडत होतं, त्याला कोणीतरी बाहेर नेलं. उपेंद्र व्यासपीठावरून उतरून माझ्याकडे आला, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि सगळ्यांना म्हणाला, "दादा थकून आलेत. तिकडे ऊन फार. आपण यांच्यासाठी प्रार्थना करू." त्याचा आवाज इतका मऊ होता की मला स्वतःचाच संशय आला.

मग तन्मय उठला. "आठ दिवसांपूर्वी यांचं शांती आहे आपण सगळ्यांनी ऐकलं. आज म्हणतात, नाही. यांचा कोणता शब्द धरायचा?"

मी म्हणालो, ती नोट जुनी होती. बिशप म्हणाले, "पण तुमची होती?" माझी होती. शेहेचाळीस होत्या.

बिशपांनी बाबांना विचारलं. बाबा पहिल्या रांगेत, दोन्ही हात काठीवर. म्हणाले, "इचारलं तवा तो नाई मनाला होता. आपल्यात नाई मंजे नाई."

एवढंच. आजोबांचा नातू शंभराव्या वर्षी आजोबांच्याच नियमाने खोटा ठरला. दहा मिनिटांत ठराव झाला, 'नाव कमी करण्यात येत आहे'. लिहिणाऱ्याने माझ्या २००१च्या ठरावावरूनच उतरवला, सबबसकट. नंतर उपेंद्रवर हात ठेवले गेले. पुस्तक वाटलं. मी खोडलेली ओळ त्यात परत घातलेली आहे: २००१ साली काही मतभेद झाले व ते प्रार्थनेने मिटले. खाली लेखक म्हणून माझं नाव.

त्या सगळ्या वेळात उर्मिला बायकांच्या बाजूला खाली बघत बसली होती. मला वाटलं, संपलं.

काल सकाळी ती डबा घेऊन आली. ओसरीवर ठेवला. म्हणाली, "भाऊ, हा शेवटचा. उद्या तो बिशपांना सोडायला नागपूरला जातोय. ताईंच्या घरचा पत्ता माझ्याकडे आहे."

मी विचारलं, "रविवारचं बघूनही?"

"तेच बघून," ती म्हणाली. "तुम्ही बोललात आणि घडलेलं कोणी खोटं पाडलं नाही. कोणी म्हणालं का, असं झालंच नाही? एकजणही नाही. सगळ्यांना माहीत आहे, भाऊ. कोणीतरी सांगेल म्हणून मी उगाच वाट बघत होते."

तिच्याबरोबर एक पिशवी आहे आणि मनगटाच्या एक्सरेचं पाकीट. तक्रार करायची की नाही ते ती ठरवेल. तिने केली तर मी तालुक्याला जाऊन प्रतिज्ञेवर जबाब देईन. तुझ्या दिवसाचा जबाबही देणार आहे. वकील म्हणतात, आता त्याचा उपयोग नाही. तरी देणार.

मी तिच्याबरोबर येत नाही. एक तर तू बोलावलेलं नाहीस. दुसरं, बाबांना संध्याकाळी कोण वाढणार? काल मी भात केला, खालून लागला. बाबांनी तसाच खाल्ला. मीही खाल्ला. असेच आम्ही दोघं आता त्या घरात. रजा उद्या संपते. परत गेलो नाही तर कंपनी मला फरारी म्हणून कळवेल, तिकडे तसा नियम आहे. तुझ्या वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "बघू." अस्मीने मागून विचारलं, "डिड शी गेट आऊट?" म्हटलं, ती आत्ता माझ्या शेजारी बाकावर बसली आहे.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुला तिचं काहीतरी करावं लागेल, आणि आमच्यासाठी तू पुष्कळ केलंस.

गाडी लागली. एकच सांगायचं राहिलं. उपेंद्र स्वतः येणार नाही. आधी मंडळीची माणसं येतील, चौघं-पाचजण, त्यात एखादी म्हातारी बाई असेल, तुझ्या ओळखीची. हातात पवित्र शास्त्र असेल. बाहेरून म्हणतील, ताई, आम्ही काही न्यायला आलो नाही, फक्त एकत्र बसून प्रार्थना करू. दार उघडू नकोस.

हेमचंद्र